मुंबईहून बर्फात जाताना: हिवाळी झंझावाताचा अंदाज वाचण्यापासून निसरडा घाट उतरेपर्यंत

पावसाचा अंदाज कसा वाचायचा हे मुंबईकराला शिकवावं लागत नाही. ऑरेंज अलर्ट लागला की भरतीची वेळ बघायची, हिंदमाता आणि मिलन सबवे टाळायचे, ऑफिसातून लवकर निघायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत मनाली, शिमला, औली, गुलमर्गला जाताना मात्र हेच शहाणपण अपुरं पडतं. पावसाचा धोका पाऊस कोसळत असताना सगळ्यात जास्त असतो आणि तो थांबला की काही तासांत ओसरतो. बर्फाचं तसं नाही. बर्फ पडून गेल्यानंतर आकाश निळंशार होतं, ऊन पडतं, हॉटेलातले सगळे कॅमेरे घेऊन बाहेर पडतात आणि नेमक्या त्याच सकाळी घाटातला रस्ता सगळ्यात जास्त निसरडा असतो. या लेखातलं बाकी सगळं याच एका गोष्टीभोवती आहे: अंदाज फक्त 'बर्फ पडेल का' यासाठी वाचू नका, आपण रस्त्यावर असू त्या उंचीला आणि त्या तासाला रस्ता कसा असेल, यासाठी वाचा.

तिकिटं काढताना

आपली बहुतेकांची तिकिटं दोन-तीन महिने आधी निघतात. शाळेच्या नाताळच्या सुट्ट्या, एलटीसी, चौघांच्या रजा जुळवणं, या सगळ्यात हवामानाला जागाच उरत नाही. इतक्या आधी कुठलाही हवामानशास्त्रज्ञ २७ डिसेंबरला मनालीजवळच्या सोलंगला बर्फ पडेल की नाही हे सांगू शकत नाही, आणि सांगत असेल तर ऐकू नका. पण त्या टप्प्यावर दोन-तीन गोष्टी आपल्या हातात असतात.

पहिली म्हणजे एक मोकळा दिवस. पाच रात्रींच्या सहलीत पाचही दिवस ठासून भरलेले असले, की चौथ्या दिवशी रस्ता बंद झाल्यावर माणूस ड्रायव्हरला 'बघा ना, जमतंय का' म्हणायला लागतो. बर्फातले कितीतरी अपघात या 'बघा ना'मधून होतात. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री डोंगरात मुक्काम ठेवू नका. श्रीनगरहून उडायचं असेल तर गुलमर्गची रात्र आधी उरका आणि शेवटची रात्र श्रीनगर शहरात काढा. मनालीहून परतताना शेवटची रात्र चंदीगडला असली तर जीव टांगणीला लागत नाही.

दुसरी गोष्ट विमानाची. मुंबई ते दिल्ली आणि दिल्ली ते श्रीनगर अशी दोन वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडली तरी हिवाळ्यात टाळा. दिल्लीचं डिसेंबर-जानेवारीतलं सकाळचं धुकं पहिलं विमान लांबवतं, आणि दुसरं तिकीट वेगळं असल्यामुळे चुकलेल्या विमानाची जबाबदारी कुणीच घेत नाही. थेट विमान किंवा एकाच पीएनआरवरचा प्रवास घ्या. श्रीनगरला पहाटे-सकाळी धुकं असतं, म्हणून दुपारच्या आसपासचं विमान बरं. हवामानामुळे विमान रद्द झालं तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) नियमांनुसार पर्यायी विमान किंवा पैसे परत, यांतलं एक निवडता येतं. नुकसानभरपाई मात्र मिळत नाही, कारण हवामान कंपनीच्या हाताबाहेरचं मानलं जातं.

तिसरी गोष्ट काश्मीरला जाणाऱ्यांसाठी आहे. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. इशारा, रस्त्याची खबर, ड्रायव्हरचा फोन हे सगळं मोबाइलवर येणार असल्यामुळे घरातल्या निदान दोघांकडे पोस्टपेड हवं. कुटुंब दोन गाड्यांत विभागलं गेलं तर याची किंमत कळते.

हा झंझावात येतो कुठून

हिवाळ्यात उत्तरेच्या डोंगरांत बर्फ आणतो तो पश्चिमी झंझावात. हिंदी पत्रकांत तो 'पश्चिमी विक्षोभ' म्हणून दिसेल. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या बाजूला तयार झालेली ही वातावरणातली खळबळ वरच्या थरातल्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयाला येऊन भिडते. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा झंझावात येतात, पण प्रत्येक काही बर्फ आणत नाही. काही नुसते ढग दाखवून जातात. काहींच्या प्रभावाने राजस्थान-पंजाबच्या बाजूला खालच्या थरात आणखी एक कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ते अरबी समुद्रावरची वाफ ओढून घेतं, आणि मग दोन-तीन दिवस जोरदार बर्फ पडतो. पत्रकात झंझावाताबरोबर राजस्थान किंवा पाकिस्तानवरच्या 'चक्रीय स्थिती'चा (भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या वाऱ्यांचा) आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या आर्द्रतेचा उल्लेख दिसला, तर तो झंझावात गांभीर्याने घ्या.

त्याचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो आणि तो माहीत असला की निम्मं काम होतं. तो येण्याच्या एक-दोन दिवस आधी वर पिसांसारखे पातळ ढग येतात. रात्री थोड्या उबदार होतात, कारण ढग जमिनीची उष्णता निसटू देत नाहीत. 'आज थंडी कमी आहे' असं हॉटेलातल्या आजोबांना वाटतं ते याच वेळी. मग ढग खाली उतरतात, पाऊस किंवा बर्फ सुरू होतो. झंझावात पुढे सरकला की उत्तर-वायव्येकडून कोरडा गार वारा सुटतो, आकाश मोकळं होतं आणि रात्रीचं तापमान कोसळतं.

हाच वारा पुढे खाली उतरत कधी कधी आपल्यापर्यंत पोचतो. जानेवारीत मुंबईची सकाळ अचानक बोचरी होते, लोकलच्या दारात उभे राहणारे आत सरकतात, तेव्हा बहुतेक वेळा उत्तरेतून एखादा झंझावात नुकताच गेलेला असतो. मुंबईतलं आजवरचं नीचांकी तापमान, २२ जानेवारी १९६२ चं ७.४ अंश, अशाच उत्तरेकडच्या थंडीतलं. म्हणून मुंबईत गारठा वाढल्याची बातमी वाचून 'आता मनालीत मस्त बर्फ असेल' असं म्हणत बॅग भरणाऱ्यांनी दुसरी बाजूही लक्षात ठेवावी: बर्फ असेल, आणि रस्त्यावर तो रात्रीतून घट्ट गोठलेलाही असेल.

सात दिवस आधी

निघायला आठवडा उरला की रोज दहा मिनिटं द्या. भारतीय हवामान विभागाचं संकेतस्थळ आणि 'मौसम' अ‍ॅप ही सुरुवात. पण मुंबईच्या प्रादेशिक केंद्राचं पान तुम्हाला उपयोगाचं नाही. हिमाचलसाठी शिमल्याचं, काश्मीरसाठी श्रीनगरचं, उत्तराखंडसाठी डेहराडूनचं आणि लडाखसाठी लेहचं हवामान केंद्र शोधा. ही केंद्रं रोज पत्रक काढतात, त्यात जिल्हानिहाय इशारे असतात आणि झंझावात नेमका कुठे पोचला आहे याचं वर्णन असतं. डोंगर न ओळखणाऱ्या कुठल्यातरी अ‍ॅपवरच्या ढगाच्या चित्रापेक्षा हे वर्णन शंभरपट मोलाचं.

सात दिवसांपूर्वी एवढंच बघायचं: माझ्या तारखांच्या आसपास झंझावात आहे का, असला तर तो माझ्या आधी येतो, बरोबर येतो की नंतर. नेमक्या सेंटिमीटरचा आकडा या टप्प्यावर निरर्थक आहे. वेगवेगळी जागतिक मॉडेल्स, म्हणजे हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकप्रणाली, एकत्र दाखवणाऱ्या विंडीसारख्या संकेतस्थळावर युरोपीय आणि अमेरिकी मॉडेल शेजारी ठेवून बघा. दोघं एकाच दिवशी बर्फ दाखवत असतील तर विश्वास वाढवा. एक मंगळवार म्हणतं आणि दुसरं गुरुवार, तर अजून काही ठरलेलं नाही असं समजा आणि दोन दिवसांनी परत बघा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरच्या चौकटीवर चालते, म्हणजे आधीच्या जागतिक मॉडेल्सपेक्षा बारीक. पण हिमालयात ६ किलोमीटरमध्ये दरीचा तळ आणि शिखर दोन्ही येतात, त्यामुळे कुठल्याही मॉडेलचं उत्तर स्वतःच्या उंचीला लावून बघावंच लागतं.

तीन दिवस आधी: उंचीचा हिशेब

हा भाग नीट समजून घ्या, कारण सहलीतला सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. 'मनाली: ४ अंश, हलका पाऊस' असं फोनवर दिसतं आणि घरचे ठरवतात की बर्फ नाहीच. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २०५० मीटरवर आहे. सोलंग २५०० च्या पुढे. मनालीहून लाहौलला नेणाऱ्या अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड ३०६० मीटरवर. हवा साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे मनालीत ४ अंश आणि पाऊस असताना बोगद्याच्या तोंडाशी उणे अडीच अंश आणि बर्फ असतो. अंतर २५ किलोमीटर, ठाणे ते दादरपेक्षा थोडंच जास्त.

यासाठी एक आकडा शोधायला शिका: गोठणपातळी, म्हणजे हवा शून्य अंशाला जाते ती उंची. विंडीवर तो स्वतंत्र थर म्हणून दिसतो. पडणारा बर्फ वितळायला थोडा वेळ घेतो, म्हणून तो गोठणपातळीच्या सुमारे ३०० मीटर खालपर्यंत बर्फ म्हणूनच पोचू शकतो. गोठणपातळी २६०० मीटर असेल तर बर्फाची सीमा २३०० च्या आसपास: मनालीत पाऊस, सोलंगला ओला बर्फ, बोगद्याशी जोरदार बर्फ. रात्री ती २००० वर उतरली तर मनालीच्या बाजारातही बर्फ. शिमला (सुमारे २२०० मीटर) आणि कुफरी किंवा नारकंडा (२६०० ते २७०० मीटर) यांच्यातही हाच खेळ चालतो. श्रीनगर १६०० मीटरच्या आत आहे आणि गुलमर्ग २६५० च्या आसपास. दोघांमध्ये हजार मीटरचा फरक, म्हणजे दोन वेगळी हवामानं.

आता पडणाऱ्या पाण्याचा हिशेब. मॉडेल्स बहुतेक वेळा बर्फसुद्धा पाण्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. ढोबळ नियम असा की १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे १ सेंटिमीटर बर्फ. ओला जड बर्फ त्याहून कमी उंच भरतो, कोरडा भुसभुशीत जास्त. इथेच आपला मुंबईचा अंदाज चुकतो. जुलैत २० मिलिमीटर पाऊस म्हणजे लोकलचं वेळापत्रकही हलत नाही. सोलंगच्या रस्त्यावर तेच २० मिलिमीटर म्हणजे वीतभर बर्फ, आणि साध्या टायरच्या गाडीसाठी प्रवास संपला.

रंगांबद्दल. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल ही चार पायऱ्यांची पद्धत तीच आहे, पण रंग जिल्ह्याला लागतो, रस्त्याला नाही. बोगद्यापलीकडचं सिस्सू लाहौल-स्पिती जिल्ह्यात येतं. मनालीत बसून फक्त कुल्लू जिल्ह्याचा पिवळा रंग बघणारा माणूस पाऊण तासात दुसऱ्या, कदाचित नारिंगी रंगाच्या जिल्ह्यात शिरलेला असतो. म्हणून वाटेतल्या प्रत्येक जिल्ह्याचा इशारा वाचा. इशाऱ्याचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजला जातो, मध्यरात्रीपासून नाही. २६ तारखेच्या इशाऱ्यात २७ ची पहाट मोडते. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव मोजणी-केंद्रांवर, आणि सर्वदूर म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रांवर. जिल्हा लाल असताना वर चढायचं नाही, एवढं मी तरी घासाघीस न करता पाळते. नारिंगी असेल तर वरच्या टप्प्याचा बेत रद्द करून खालचं ठिकाण धरा. पिवळ्या रंगात जाता येतं, पण दुपारी लवकर परतायचं.

हिमस्खलनाचा इशारा वेगळा असतो आणि तो हवामान विभागाच्या रंगात मिसळू नका. चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची (संरक्षण संशोधन विभागाची) संस्था तो देते. सोनमर्ग, लाहौल किंवा उंच भागात जाणाऱ्यांनी तो बघावाच. मोठ्या बर्फानंतरचा पहिला उन्हाचा दिवस हिमस्खलनासाठीही वाईट असतो.

आदली संध्याकाळ

आता जगाची मॉडेल्स बाजूला ठेवा आणि माणसांना विचारा. जम्मू-श्रीनगर महामार्गासाठी वाहतूक पोलीस रोज सूचना काढतात: कुठली वाहनं, कुठल्या दिशेने, किती वाजेपर्यंत. रामबन ते बनिहाल हा पट्टा दरडींसाठी बदनाम आहे. बनिहाल-काझीगुंड बोगद्यामुळे जवाहर बोगद्याचा चढ वाचला, पण रामबनचे डोंगर आहेत तिथेच आहेत. हिमाचलात कुल्लू आणि लाहौल-स्पिती पोलिसांच्या समाजमाध्यमांवरच्या पानांवर बोगद्यापर्यंत कोणाला सोडतायत हे कळतं. बर्फ सुरू झाला की सोलंग किंवा त्याच्याही खाली नेहरू कुंडाजवळ साध्या गाड्या थांबवतात आणि फक्त फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) गाड्या वर जातात. गुलमर्गसाठी तंगमर्गला हीच चाळणी असते: चाकांना साखळ्या (चेन) लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी नसेल तर तिथे गाडी बदलावी लागते. हा खर्च आधीच धरून चला. तिथे भावावरून वाद घालून 'आमची इनोव्हा जाईल की' म्हणणारे पुष्कळ दिसतात.

ड्रायव्हरला प्रश्न नेमके विचारा. 'रास्ता ठीक है ना?' याला उत्तर कायम 'ठीक है' असंच येतं. त्याऐवजी विचारा: 'भाईसाब, आज सुबह ऊपर पाला था? कितने बजे तक था? चेन गाडी में है?' (पाला म्हणजे रस्त्यावर गोठलेला पारदर्शक बर्फ; त्याबद्दल पुढे.) चेन गाडीत असेल तर काढून दाखवायला सांगा. हे उद्धटपणाचं नाही, तिथला चांगला ड्रायव्हर आनंदाने दाखवतो.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं (एनडीएमएचं) 'सचेत' अ‍ॅप फोनवर असू द्या. त्यात तुम्ही आहात त्या भागाचे इशारे येतात. हवामान विभागाचा तीन तासांचा तात्कालिक अंदाजही निघण्याआधी एकदा बघा.

निरभ्र सकाळ आणि पारदर्शक बर्फ

पांढरा बर्फ दिसतो, म्हणून त्याला माणूस भितो. खरा घातकी असतो तो न दिसणारा. दिवसा उन्हाने कडेचा बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावर पसरतं, सूर्य डोंगराआड गेला की ते पातळ थरात गोठतं. थर पारदर्शक असल्यामुळे खालचं डांबर दिसतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. हाच ब्लॅक आइस; तिथले लोक पाला म्हणतात.

तो बनायला हवेचं तापमान शून्याखाली जावंच लागतं असं नाही. निरभ्र रात्री रस्ता आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतो आणि त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा थंड होतो. फोनवर २ किंवा ३ अंश दिसत असताना रस्ता गोठलेला असू शकतो. म्हणून अंदाजात 'आकाश निरभ्र, वारा शांत, रात्रीचं तापमान ३ अंशांखाली, आदल्या दिवशी बर्फ किंवा पाऊस' हे चारही एकत्र दिसले, की दुसऱ्या सकाळी पाला आहे असंच धरा. आणखी एक अनपेक्षित गोष्ट: शून्याच्या जवळपासचा, पृष्ठभागावर ओलसर झालेला बर्फ हा उणे पंधरा अंशांतल्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो. म्हणजे 'आता वितळायला लागलाय, चला' ही वेळ सुरक्षित नसते; पूर्ण सुकेपर्यंत थांबायचं.

जागा कुठल्या? पूल सगळ्यात आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही गार हवा लागते. उत्तरेकडे तोंड असलेली, दिवसभर सावलीत राहणारी वळणं. देवदारांच्या दाट सावलीतला रस्ता. नाल्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं ती ठिकाणं. बोगद्याची तोंडं, जिथे आतल्या कोरड्या रस्त्यावरून गाडी वेगाने बाहेर येते. उन्हातल्या कोरड्या वळणावर चाळीसचा वेग बरोबर असतो आणि पुढच्याच सावलीतल्या वळणावर तोच वेग गाडी दरीकडे नेतो.

वेळेचा साधा नियम: सूर्य मावळल्यापासून सकाळी दहापर्यंत उंचावरच्या रस्त्यावर असू नका. डिसेंबरअखेरीस तिथे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सूर्य जातो आणि दरीत त्याआधीच सावली पडते, म्हणून परतीची सुरुवात दुपारी अडीच-तीनला. 'सनराइज पॉइंट'साठी पहाटे चारला वर नेणारा टूरवाला भेटला तर नम्रपणे नकार द्या.

२०२४ च्या नाताळच्या आठवड्यात सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या आणि पोलिसांना हजारो पर्यटकांना खाली आणावं लागलं. दिवसा वर गेलेली गर्दी बर्फ सुरू झाल्यावर एकदमच खाली निघाली. पहिली गाडी घसरून आडवी झाली की मागचं सगळं थांबतं. म्हणून बर्फाचे पहिले कण दिसले की व्हिडिओ काढत बसू नका, तेव्हाच मागे फिरा. अर्ध्या तासाने तोच निर्णय घेणारे शंभर जण तुमच्या पुढे असतील.

गाडी स्वतः चालवत असाल तर

माझा स्पष्ट सल्ला: बर्फावर पूर्वी चालवलेलं नसेल तर वरचा टप्पा स्थानिक ड्रायव्हरवर सोपवा. माळशेजच्या पावसात किंवा कसाऱ्याच्या धुक्यात कमावलेला हात इथे चालत नाही. ओल्या डांबरावर टायर थोडं तरी धरतं. बर्फावर थांबायचं अंतर कोरड्या रस्त्याच्या दहापटीपर्यंत जातं.

तरीही चालवायचीच असेल, तर सगळं हळू आणि हलक्या पायाने. दुसऱ्या गिअरमध्ये सुटायचं म्हणजे चाकं जागेवर फिरत नाहीत. उतारावर खालचा गिअर आधीच टाकायचा, ब्रेकवर भिस्त ठेवायची नाही. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात ब्रेक किंवा जोरात स्टिअरिंग नाही. मागचं चाक घसरलं तर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि ज्या बाजूला गाडीची शेपूट चाललीय त्याच बाजूला स्टिअरिंग हलकेच वळवा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत आणीबाणीला ब्रेक दाबला आणि पायाखाली थरथर जाणवली तर घाबरून पाय उचलू नका. काहीच ऐकत नसेल तर दरीकडे नको, डोंगराकडे गाडी घाला.

साखळ्या इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्यांनाच लागतात: बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या, टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मागच्या. सपाट, सुरक्षित जागी थांबून लावा, वेग ताशी ३० ते ४० च्या वर नेऊ नका, कोरडा रस्ता आला की काढा. मुंबईत पार्किंगमध्ये एकदा लावून बघा. गोठलेल्या बोटांनी पहिल्यांदा ती शिकायची नसते. आणि फोर बाय फोर गाडी सुटायला आणि चढायला मदत करते, थांबायला करत नाही. हे त्या गाड्यांच्या मालकांना कुणीतरी सांगायला हवं.

मुंबईची गाडी नेताना रेडिएटरमध्ये नुसतं पाणी भरलेलं नाही ना ते गॅरेजमध्ये तपासून घ्या. योग्य प्रमाणात कूलंट हवं, नाहीतर पाणी गोठून इंजिन फुटू शकतं. डिझेल डोंगरात भरा, सपाटीवरचं कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊ शकतं. रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, तो गोठून बसतो. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

अडकलात तर

गाडी सोडून अंधारात चालत निघू नका. ११२ ला फोन करा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. गाडीत पाणी, सुका खाऊ, घोंगडी, टॉर्च, पॉवर बँक, रोजच्या गोळ्या आणि लहान फावडं असावं. आई-बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या डिकीतल्या बॅगेत नकोत, हातातल्या पिशवीत ठेवा.

हीटरसाठी इंजिन सतत चालू ठेवू नका. तासाला दहा मिनिटं पुरेत, आणि प्रत्येक वेळी आधी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा. तो बुजला की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोप येते आणि माणूस उठत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून अधिक माणसं दगावली, त्यांत लहान मुलंही होती. खिडकी बोटभर उघडी ठेवा, वारा येत नाही त्या बाजूची.

हॉटेलातही हाच धोका आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. बंद खोलीत कोळशाची शेगडी, कांगडी (निखाऱ्यांची काश्मिरी हातशेगडी) किंवा गॅस हीटर लावून झोपायचं नाही, कितीही गारठा असला तरी. झोपण्याआधी ती बाहेर ठेवायला सांगा. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर हे सगळ्यांनाच एकदम होत असेल तर ते थंडीमुळे नाही. ताबडतोब मोकळ्या हवेत या.

चालताना

हाडं मोडतात ती बहुतेक हॉटेलच्या दारात, माल रोडच्या पायऱ्यांवर. स्पोर्ट्स शूजचे गुळगुळीत तळ उपयोगाचे नाहीत. खोल खाचांचे बूट घ्या, ज्येष्ठांसाठी बुटांवर चढवायचे दातेरी पट्टे नक्की घ्या. पावलं लहान, पूर्ण तळवा एकदम टेकवत, गुडघे किंचित वाकवून, हात खिशाबाहेर. आतून सुती बनियन नको, ते घाम धरून गार पडतं. लोकर किंवा सिंथेटिक घाला.

निघण्याआधीचं शेवटचं काम

मागे फिरायची अट मुंबईतच, सगळ्यांसमोर ठरवा, कारण वर गेल्यावर मुलांचे उतरलेले चेहरे आणि भरलेले पैसे निर्णय घेतात. उदाहरणार्थ: वाटेतल्या कुठल्याही जिल्ह्याला नारिंगी रंग लागला, दुपारचे तीन वाजले, बर्फ पडायला लागला किंवा ड्रायव्हर नको म्हणाला, यांतलं एकही झालं तर परत. ड्रायव्हर 'नको' म्हणाला तर त्याच्याशी वाद नाही, आणि त्या दिवसाचे त्याचे पैसे कापायचे नाहीत. पैसे कापले जातील या भीतीने 'हो' म्हणणारा ड्रायव्हर तुम्हाला नको आहे.

रोजचा मार्ग, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा नाव-फोन आणि पोचण्याची अपेक्षित वेळ घरी राहिलेल्या एखाद्या जबाबदार माणसाला, मग ती डोंबिवलीची मावशी असो की शेजारचे काका, संदेशात पाठवा. तुमचा फोन ठरलेल्या वेळेनंतर दोन तास लागला नाही, तर आधी हॉटेल, मग त्या जिल्ह्याचा पोलीस नियंत्रण कक्ष, या क्रमाने फोन करायचे हे त्यांना सांगून ठेवा आणि दोन्ही क्रमांक त्याच संदेशात लिहा.